आपल्या घरातील वाय-फाय : कुलूप कोणी लावावयाचे?

गेल्या पास्काकाळात घरांना आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने देवरी येथील काही कुटुंबांना भेटी देण्याचा योग आला. गोंदिया जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव नागपूर-रायपूर महामार्गावर वसलेले आहे व पुढे थोड्याच अंतरावर छत्तीसगडची हद्द सुरू होते. भोवताली धानाची शेते व जंगल, आणि मधून रात्रंदिवस वाहणारी मालमोटारींची रांग. एका घरी प्रार्थना आटोपून पवित्र जल शिंपडीत असता आमची दृष्टी वेदीच्या फळीकडे गेली. क्रूसमूर्ती आणि पवित्र मरियेची तसबीर यांच्या शेजारी एक पांढरी पेटी हिरवे दिवे लुकलुकवीत बसली होती. पेटीच्या अंगावर चिकटविलेल्या कागदावर ठळक अक्षरांत वाय-फायचा पासवर्ड लिहिला होता. तो पासवर्ड म्हणजे घरधन्याचा मोबाईल क्रमांक होता, आणि तोच क्रमांक ओसरीत थाटलेल्या त्यांच्या दुकानाच्या पाटीवर हातहात उंचीच्या आकड्यांत रंगविलेला होता.

आम्ही सहज विचारले, तेव्हा घरधनी हसून म्हणाले, "फादर, पाहुणे आले की प्रत्येकाला सांगत बसावे लागत नाही. आणि कोणी वापरले तरी काय बिघडते? महिन्याचे पैसे तर भरलेलेच असतात."

त्यांचा हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस सोडीना. दारात आलेल्यास पाणी विचारणाऱ्या आपल्या समाजात कुलुपाची भाषा थोडी कडवट वाटते हे खरे. पूर्वी महिन्याला ठराविक डेटा मिळत असे आणि तो संपला की बिल वाढत असे, त्यामुळे शेजाऱ्याने आपले वाय-फाय वापरले तर ते लगेच कळत असे. आता बहुतेक योजनांत अशी मोजदाद जाणवत नाही. मग नुकसान कोणाचे? याचे उत्तर याच महाराष्ट्रात, नवी मुंबईतील सानपाडा येथे २००८ साली मिळाले आहे, आणि ते पैशांच्या भाषेत मिळालेले नाही.

२६ जुलै २००८, शनिवारची सायंकाळ. अहमदाबाद शहरात एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. ५६ माणसे मृत्युमुखी पडली, दोनशेहून अधिक जखमी झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी अनेक वृत्तसंस्थांच्या कार्यालयांत एक ई-मेल येऊन पडला होता. त्यात होणाऱ्या संहाराची जबाबदारी आधीच घेतलेली होती. तपास यंत्रणांनी त्या ई-मेलचा माग काढला तेव्हा तो सानपाड्यातील एका निवासी इमारतीत, तेथे भाड्याने राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या सदनिकेपर्यंत येऊन थांबला. पोलिसांनी त्यांचे संगणक ताब्यात घेतले, चौकशीचे सत्र सुरू झाले, वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर त्यांचे नाव झळकू लागले. या गृहस्थाने तो ई-मेल पाठविला नव्हता. त्यांच्या घरातील असुरक्षित वाय-फायचा कोणा तिऱ्हाइताने उपयोग करून घेतला होता.

हा प्रकार एकदाच घडला असता तर दुर्दैव म्हणून सोडून देता आला असता. पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्ट रोजी, त्याच गटाचा आणखी एक ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वाय-फायवरून गेला. १३ सप्टेंबर रोजी दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ई-मेल चेंबूर येथील एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून गेला. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई पोलिसांनी जी माणसे पकडली त्यांत पुण्यात नोकरी करणारा एक संगणक अभियंता होता. मोटारीतून हिंडत उघडी वाय-फाय जाळी हुडकावयाची आणि त्यांतून ई-मेल पाठवून निघून जावयाचे, ही त्यांची पद्धत असल्याचे पोलिसांनी सांगितले. जानेवारी २००९ पासून मुंबई पोलीस स्वतःच उघडी जाळी शोधीत फिरू लागले, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. एवढे होऊनही ७ डिसेंबर २०१० रोजी वाराणसीच्या घाटावर स्फोट झाला तेव्हा जबाबदारी घेणाऱ्या ई-मेलचा माग पुन्हा नवी मुंबईतच, या वेळी वाशीतील एका घराच्या उघड्या वाय-फायशी पोहोचला. अहमदाबादच्या खटल्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी ठरविले. म्हणजे स्फोटानंतर निकालास साडेतेरा वर्षे लागली. सानपाड्याच्या त्या घराचा पत्ता मात्र अवघ्या काही दिवसांतच साऱ्या देशाला माहीत झाला होता.

पोलीस त्या घरीच का गेले, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपण इंटरनेटवर काहीही पाठविले की त्यासोबत एक क्रमांक जातो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. हा पत्ता आपल्या मोबाईलचा किंवा संगणकाचा नसतो. घरातील चार मोबाईल, दूरचित्रवाणी संच आणि मुलांचा लॅपटॉप ही सारी साधने बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून बोलताना दिसतात, आणि तो पत्ता घरातील त्या पांढऱ्या पेटीचा, म्हणजे राउटरचा असतो. अमुक दिवशी अमुक वेळी हा पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीकडे असते. पोलीस तेथे विचारणा करतात आणि ज्याच्या नावे जोडणी आहे त्याचे नाव व घराचा पत्ता हाती पडतो. त्या पेटीच्या आत त्या क्षणी घरचा मुलगा बसला होता की रस्त्यावरचा कोणी परका, हे कंपनीला ठाऊक नसते. घरगुती राउटरही अशा नोंदी फार काळ जपून ठेवीत नाहीत, आणि वीज गेली की असलेल्या नोंदीही बहुधा पुसल्या जातात. तेव्हा "तो मी नव्हेच" असे सांगण्यासाठी गृहस्थाच्या हाती काही उरत नाही. गुन्हेगार ठरणे वेगळे आणि चौकशीला सामोरे जाणे वेगळे, हे मान्य. परंतु ज्या घरी तरुण मुले आहेत, ज्यांच्या मुलीचे लग्न ठरले आहे, त्या घराच्या दारी पोलिसांची गाडी उभी राहिली तर शेजारी इतका बारीक फरक करीत बसत नाहीत.

आता पुन्हा देवरीच्या त्या फळीकडे वळू. वाय-फाय म्हणजे बिनतारी लहरी. ज्या भिंतींच्या आत आपण त्या सोडतो, तेथेच त्या थांबत नाहीत. साध्या राउटरच्या लहरी घरात सुमारे तीस-चाळीस मीटर आणि मोकळ्या जागेत शंभर मीटरच्या आसपास पोहोचतात, आणि दिशा साधणारा अँटेना लावून त्याहूनही दुरून त्या टिपता येतात. जाड भिंतींच्या काँक्रीटच्या सदनिकेपेक्षा कौलारू घरातून त्या अधिक सुखेनैव बाहेर पडतात. घर महामार्गालगत असेल तर चहासाठी थांबलेल्या प्रत्येक वाहनाच्या आत आपले वाय-फाय पोहोचलेले असते. लहान गावात कोण कोणास ओळखत नाही, असे आपण म्हणतो. परंतु महामार्गावरून जाणाऱ्यास आपण ओळखीत नाही. "मोठ्या शहरातील गोष्टी आमच्याकडे कशाला येतील" हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही. उलट ज्या जिल्ह्यांनी नक्षलवादाची झळ सोसली आहे, तेथे एखाद्या घराच्या जोडणीवरून गेलेल्या आक्षेपार्ह संदेशाची चौकशी किती कसून होईल, हे आम्ही वाचकांना सांगावयास नको.

पासवर्ड तर आहे, मग भीती कसली? येथे आमच्या अनेक वाचकांचा गैरसमज होतो असे आढळले. दारापाशी उभे राहून चोर एकेक किल्ली लावून पाहील आणि दहा-वीस प्रयत्नांनंतर कंटाळून निघून जाईल, असे चित्र आपण मनाशी रंगवितो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. घरचा मोबाईल राउटरशी जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवघेव होते. त्यांत पासवर्ड उघड बोलला जात नाही, पण त्याची छाया असते. जवळपास असलेला माणूस ही देवघेव हवेतून टिपून घेतो आणि निघून जातो. पुढे आपल्या घरी निवांत बसून, शक्तिशाली संगणकाच्या साह्याने तो एकेक पासवर्ड त्या छायेशी ताडून पाहतो. खेळांसाठी वापरले जाणारे चांगले ग्राफिक कार्ड असले तर सेकंदाला लाखो पासवर्ड तपासता येतात. त्यास कोणी अडवीत नाही, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

थोडे गणित करून पाहू. आपल्या देशातील मोबाईल क्रमांक दहा आकडी असतो आणि त्याचा पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ असतो. म्हणजे सारे मिळून ४०० कोटी क्रमांक संभवतात. आकडा प्रचंड वाटतो. परंतु सेकंदाला ५ लाख या वेगाने ते सगळे तपासून संपविण्यास सव्वादोन तास लागतात. नुसता आठ आकडी पासवर्ड असेल, उदाहरणार्थ जन्मतारीख, तर साडेतीन मिनिटेही पुरतात. तेव्हा देवरीच्या त्या पाटीवर क्रमांक रंगविलेला नसता तरी फारसे काही वाचले नसते. शिवाय चोराकडे नेहमीच्या पासवर्डांच्या याद्या तयार असतात, आणि त्यांत आपण ख्रिस्ती लोकही मागे नाही. एका अमेरिकन सुरक्षा कंपनीने २०१२ साली सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वाईट पासवर्डांची यादी प्रसिद्ध केली, तिच्या पहिल्या पंचविसांत प्रभू येशूचे इंग्रजी नाव होते. श्रद्धेने घेतलेले पवित्र नाव कुलूप म्हणून मात्र कुचकामी ठरते. धर्मग्रामाच्या आश्रयदात्या संताचे नाव आणि पुढे १२३, किंवा योहानाच्या शुभवर्तमानातील सर्वांना पाठ असलेल्या वचनाचा क्रमांक, ही त्याच जातीची उदाहरणे होत.

मग चांगला पासवर्ड कोणता? तो अवघड चिन्हांनी भरलेला असावा असे पूर्वी सांगितले जाई. परिणामी तो कोणाच्याच ध्यानात राहत नसे आणि पुन्हा कागदावर येऊन भिंतीला चिकटत असे. आमच्या मते लांबी अधिक महत्त्वाची. वाय-फायचा पासवर्ड कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा ठेवता येतो, ही मुभा आपण वापरीतच नाही. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द घ्यावेत आणि रोमन अक्षरांत सलग लिहावेत. कंदील, भात, सायकल अशा नित्याच्या शब्दांनी भागते; मात्र निवड आपल्या मनाने करू नये, कारण मन नेहमी ओळखीच्या वाटेनेच जाते. चिठ्ठ्या टाकाव्यात. यहूदाच्या जागी मथियाची निवड करताना प्रेषितांनीही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या, तेव्हा या रीतीला मोठी परंपरा आहे! पाच हजार नेहमीच्या शब्दांतून असे चार शब्द निघाले तर त्यांच्या ६२५ लाख कोटी जुळण्या होतात, आणि वर सांगितलेल्या वेगाने त्या सर्व तपासण्यास सुमारे ४० वर्षे लागतात. पाचवा शब्द जोडला की हा काळ २ लाख वर्षांवर जातो. चोराने दहा किंवा शंभर संगणक कामाला लावले तरी या हिशेबात आपल्याला काळजी करण्याजोगे काही उरत नाही. आजीच्याही हे शब्द ध्यानात राहतात, आणि भिंतीवरचा कागद काढून टाकता येतो.

पासवर्ड कितीही चांगला असला तरी ज्या कुलुपाला तो लावावयाचा ते कुलूपच जुनाट असेल तर उपयोग नाही. वाय-फायच्या सुरक्षेच्या पद्धतीही पिढ्यांनुसार बदलत आल्या आहेत. डब्ल्यूईपी नावाची पहिली पद्धत १९९७ मधील. तिच्यातील दोष २००१ साली संशोधकांनी उघड केला, आणि २००७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी ती एका मिनिटाच्या आत फोडून दाखविली. पुढे २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली. या तिसरीत, हवेतून टिपलेली देवघेव घरी नेऊन पासवर्ड ताडण्याचा मार्गच बंद करण्यात आला आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये ही नावे दिसतात. डब्ल्यूपीए३ उपलब्ध असल्यास ती निवडावी, नसल्यास डब्ल्यूपीए२ हीसुद्धा चांगल्या पासवर्डासह पुरेशी आहे. त्याहून जुन्या पद्धतीवाचून चालत नसेल तर राउटर बदलावा हे बरे.

डब्ल्यूपीएस नावाच्या एका सोयीविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ती अनेक जुन्या राउटरांत आपोआप चालू असते. पासवर्ड टंकण्याचा त्रास वाचावा म्हणून बटण दाबून किंवा आठ आकडी क्रमांक देऊन जोडणी करण्याची ही युक्ती आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वाटते. परंतु राउटर हा क्रमांक दोन भागांत तपासतो आणि पहिला अर्धा बरोबर की चूक हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या चार आकड्यांच्या १०,००० शक्यता. उरलेल्या चारांपैकी शेवटचा आकडा केवळ ताळ्यासाठी असतो, म्हणून तेथे १,०००. एकूण ११,००० प्रयत्नांत दार उघडते. ही त्रुटी डिसेंबर २०११ मध्ये जगापुढे आली. म्हणजे मुख्य दाराला भक्कम कुलूप लावावे आणि मागच्या दाराची कडी शेजाऱ्याला बाहेरून काढता यावी, असाच हा प्रकार. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी.

या सेटिंगचे पान उघडण्यासाठी मोबाईलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता टंकावा लागतो. पुष्कळ राउटरांत तो १९२.१६८.१.१ असा असतो. तेथे वेगळे वापरकर्ता-नाव व वेगळा पासवर्ड मागितला जातो, आणि येथेच सर्वांत मोठी चूक होते. जोडणी करून देणारा तरुण वाय-फायचा पासवर्ड आपल्याला विचारून ठेवतो, पण आतल्या पानाचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, बहुधा 'ॲडमिन' असाच राहतो. असे जगभरचे ठरीव पासवर्ड कोणासही मिळू शकतात. २०१६ साली मिराई नावाच्या उपद्रवी प्रणालीने अशाच साठएक ठरीव पासवर्डांच्या जोरावर लाखो राउटर आणि कॅमेरे आपल्या ताब्यात घेतले होते.

आतल्या पानावर ताबा मिळाला तर परका माणूस काय करू शकतो? ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास जे घडले त्यावरून याची कल्पना येते. आपण बँकेच्या संकेतस्थळाचे नाव टंकतो तेव्हा त्या नावाचा खरा पत्ता सांगणारी एक वही राउटरला ठाऊक असते. तेथील गुन्हेगारांनी सुमारे ४५ लाख मोडेममध्ये शिरून ही वहीच बदलून टाकली. लोक नाव बरोबर टंकीत होते, पण पोहोचत होते हुबेहूब बनविलेल्या खोट्या पानावर. संगणकात विषाणू शोधून काही सापडत नव्हते, कारण दोष संगणकात नव्हताच. म्हणून दोन्ही पासवर्ड बदलावेत, आणि दोन्ही वेगळे असावेत. राउटर बनविणारी कंपनी सुधारित प्रणाली देत असेल तर ती चढवून घ्यावी. आपले नाव किंवा घर क्रमांक वाय-फायच्या नावात घालू नये. वाय-फायचे नाव लपवून ठेवण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. त्याने विशेष काही साधत नाही, जाणकारास ते दिसतेच.

आता त्या घरधन्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. २०२० व २०२१ च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या, वर्ग मोबाईलवर भरत होते, आणि ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते ती मुले शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून अभ्यास करीत होती. आपल्या कित्येक कुटुंबांनी त्या काळात आपले वाय-फाय अशा मुलांना खुले करून दिले. ती सेवा होती, आणि आजही एखाद्या गरीब विद्यार्थ्याला तिची गरज आहे. आम्ही या लेखात कुलुपाची महती गातो आहोत, म्हणून त्या मुलाच्या तोंडावर दार लावा असा अर्थ कोणी काढला तर आम्हांस खेद होईल.

परंतु देणे आणि उघडे टाकणे यांत अंतर आहे. शेजारच्या मुलास आपण ओळखतो, तो केव्हा येतो हे आपणास ठाऊक असते, त्याच्या आईवडिलांशी आपले बोलणे असते. रस्त्यावरच्या अनोळखी वाहनातील माणसास आपण काही दिलेले नाही. त्याने ते घेतले आहे. पहिल्या ठिकाणी दान आहे, दुसऱ्या ठिकाणी केवळ निष्काळजीपणा. त्या निष्काळजीपणाचे फळ सानपाड्याच्या गृहस्थाने स्वतः भोगले हे खरे, पण त्याच्या वाय-फायचा वापर ज्या कारस्थानासाठी झाला त्याने अहमदाबादची ५६ घरे उजाडली. आपले दार आपल्यापुरतेच उघडे असते असे नाही. चोर कोणत्या प्रहरी येणार हे ठाऊक असते तर घरधनी जागा राहिला असता, हा प्रभूचा दृष्टान्त आपण आगमनकाळात ऐकतो. त्यातील घरधन्यास कोणी अनुदार म्हणत नाही.

सुदैवाने आजच्या बहुतेक राउटरांत यावर सोपा उपाय आहे. त्यास गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे म्हणतात. एकाच पेटीतून दोन नावांची वाय-फाय निघतात. घरच्या जाळ्यावर घरची साधने, छपाईयंत्र, कॅमेरे राहतात; पाहुण्यांच्या जाळ्यावरून केवळ इंटरनेट मिळते, घरातील साधनांपर्यंत पोहोचता येत नाही. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवता येतो, शेजारच्या मुलास देता येतो, आणि परीक्षा संपल्यावर किंवा लग्नाचे पाहुणे गेल्यावर बदलता येतो. बाहेरच्यांना पोलिसांच्या दृष्टीने पत्ता मात्र आपलाच मिळतो, हे विसरू नये. म्हणून हा पासवर्डही ओळखीच्यांनाच, नाव ठाऊक असलेल्यांनाच द्यावा. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणे ही माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ मध्ये येणारी गोष्ट आहे, आणि ते अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गंमत म्हणून शेजाऱ्याचा पासवर्ड ओळखणाऱ्या आपल्या तरुणांच्या कानी हे घालावे.

आपल्या जाळ्यावर कोण कोण आहे हेही सेटिंगच्या त्याच पानावर दिसते. घरातील साधने मोजावीत व यादीशी ताडून पाहावीत. अलीकडचे मोबाईल आपली ओळख बदलून जोडले जातात, त्यामुळे एखादे अपरिचित नाव दिसले की लगेच शेजाऱ्यावर संशय घेऊ नये. पासवर्ड बदलावा, आणि मग कोण कोण परत जोडले जाते ते पाहावे. काही आर्थिक फसवणूक झाल्याचे लक्षात आले तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

हे सारे लिहून झाल्यावर धर्मग्राम कार्यालयाकडे वळलो आणि आमचेच हसे झाले. सभागृहाच्या भिंतीवर वाय-फायचा पासवर्ड गेल्या वर्षीच्या एका लग्नापासून तसाच चिकटलेला होता. त्याच जाळ्यावर ज्या संगणकात स्नानसंस्कार व विवाहाच्या नोंदी, दानदात्यांची नावे व कुटुंबांचे मोबाईल क्रमांक ठेवलेले आहेत, तो संगणकही जोडलेला होता. म्हणजे पांढऱ्या पेटीजवळचा कागद पाहून ज्यांना आम्ही बोललो, त्यांच्या घरापेक्षा आमच्या घरात अधिक लोकांची ठेव उघडी पडली होती. दोष दुसऱ्या कोणाचा नाही. युवक मंडळातील दोघांनी एका दुपारी बसून कार्यालय व सभागृह यांची जाळी वेगळी केली, जुना राउटर डब्ल्यूपीए२ घेत नव्हता म्हणून तो बदलला, आणि चिठ्ठ्या टाकून पाच शब्द काढले. त्यांतील एक शब्द आम्हांस मुळीच पसंत नव्हता, पण चिठ्ठीपुढे संपादकाचे काही चालत नाही.

देवरीच्या घरधन्यांचाही नंतर दूरध्वनी आला. त्यांच्या कन्येने, जी बारावीत शिकते, दोन्ही पासवर्ड बदलून वेदीवरचा कागद काढून टाकला आहे. जुना दूरचित्रवाणी संच नव्या पासवर्डाने जोडला जाईना, म्हणून केबलवाल्यास दोनदा बोलवावे लागले. दुकानाच्या पाटीवरचा मोबाईल क्रमांक मात्र जागेवरच आहे, कारण गिऱ्हाइकांना तो हवा असतो.